सुई माझ्या हाती

नाशिक, ता. २० जानेवारी १९३६

चिरंजीव धोंडीरामास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझे पत्र पावले. अक्षर डॉक्टराचे, आवेश न्यायाधीशाचा! मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका आपला मधुमेह न समजण्याइतकी अडाणी नसते. वैद्यबुवांच्या सांगण्यावरून मी पेठच्या रानातला मधुनाशीचा पाला चावते. संक्रांतीला तो चावून तिळगूळ तोंडात टाकला, तर नुसती वाळू! जी वनस्पती जिभेवरची साखर मारते, ती रक्तातली का मारणार नाही? पायाच्या अंगठ्याची जखम मात्र अजून ओली आहे, हे प्रामाणिकपणे कळवते. मुंबईस येणे नाही. शाळा सोडणे तर नाहीच.

कळावे. लोभ आहेच, उपदेश आवरावा.

तुझी ताई,
सगुणा

मुंबई, ता. २५ जानेवारी

तीर्थरूप ताईस शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

पाल्याने जीभ फसते, रक्त फसत नाही. तुझ्यासारखे अंगठे मी इस्पितळात रोज पाहतो. त्यांतले काही कापावे लागतात. सोबत बेनेडिक्टचे निळे द्रावण, परीक्षानळ्या आणि इन्सुलिन पाठवतो. द्रावणात लघवीचे थेंब टाकून तापव. निळे राहिले तर वैद्यबुवांच्या पाया पडेन. विटकरी झाले तर लघवीत साखर आहे, मग इन्सुलिनची सुई घ्यावी लागेल. सौ. मंगला म्हणते, वन्सं हट्टापायी पाय घालवतील. तू ऐकणार नाहीस म्हणून तुला कामातून मोकळे करण्याविषयी शाळेच्या अध्यक्षांना लिहिले आहे.

राग धरू नये, लोभ धरावा.

तुझा,
धोंडीराम

नाशिक, ता. १२ फेब्रुवारी

चिरंजीव धोंडीरामास आशीर्वाद, वि. वि.

नळी तापवली. विटकरी. वैद्यबुवांसमोर पुन्हा तापवली, तशीच. ते नळी उजेडात धरून म्हणाले, बाई, सुईला नाही म्हणू नका. तेव्हा सुई सुरू केली आहे. टोचायला कंपाउंडर आला होता, त्याला दारातूनच परत पाठवले; मीच टोचते. पाला सोडलेला नाही, सोडणारही नाही. पालक पेढे घेऊन आले की आधी तो चावते, मग मोहच होत नाही. एवढे काम तो चोख करतो आणि तेवढ्यापुरता तो माझ्या घरी राहील.

पण मला न विचारता अध्यक्षांना लिहिण्याचा अधिकार तुला कोणी दिला? मी आजारी आहे, अपराधी नाही. ते पत्र मागे घे, नाहीतर भाऊबीजेला माझ्या पाटावर बसायला येऊ नकोस.

लोभ तूर्त राखून ठेवला आहे.

सगुणा

मुंबई, ता. १७ फेब्रुवारी

तीर्थरूप ताईस नमस्कार, वि. वि.

सुई घेतेस हे वाचून मंगलाने देवापुढे दिवा लावला. पत्र मात्र मागे घेत नाही. अध्यक्षांचे उत्तर आले आहे: येत्या शनिवारी सभेत तुझा राजीनामा मागतील. देऊन टाक. १ मार्चला, रविवारी, तुला न्यायला येतो.

रागावलीस तरी तुझाच,
धोंडीराम

नाशिक, ता. २३ फेब्रुवारी

चिरंजीव धोंडीरामास आशीर्वाद, वि. वि.

काल सभा झाली. अध्यक्षांनी तुझे पत्र मोठ्याने वाचले. एक सभासद म्हणाले, बाईंना विश्रांती हवी. दुसऱ्या एका सभासदांना, स्वतःला सुया टोचून घेणाऱ्या बाईंच्या हाती मुली सोपवणे प्रशस्त वाटेना. माझे काय चुकले, कोणता वर्ग नापास झाला, हे मी विचारले. चर्चा जेवणवेळेपर्यंत रेंगाळली. तेव्हा मी पिशवीतून पिचकारी काढली, पदर सावरला आणि सर्वांसमक्ष दंडात औषध टोचून घेतले. मग सांगितले की, या औषधानंतर अर्ध्या तासात पोटात अन्न गेले नाही तर मी याच खुर्चीत भोवळ येऊन पडेन. आणि राजीनाम्याचा विषय निकालात निघाल्याखेरीज मी घास घेणार नाही. पुढची जबाबदारी सभेची.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले, सभासदांनी अध्यक्षांकडे. विषय कायमचा मागे घेतल्याची नोंद मी कार्यवाहांकडून लिहून घेतली, एक वाक्य सैल होते ते दुरुस्त करवले आणि मगच डबा उघडला. पाण्याचा पेला अध्यक्षांनी स्वतः पुढे केला.

जखमेवर खपली धरते आहे. येत्या रविवारी अवश्य ये, मंगलालाही आण. सोमवारी सकाळी तुम्हांला स्टेशनवर सोडून मी शाळेत जाईन.

कळावे. लोभ करावा, पण मला विचारून.

तुझी ताई,
सगुणा