डाव्या हाताचं माप

सोमवार, ३ जून

दुपारी अडीचला मकासर शहराहून आलेल्या बसमधून रांतेपाओला उतरलो. घाटात शेजारच्या बाईनं तिचं डुकराचं पिल्लू माझ्या मांडीवर दिलं होतं, आणि ते माझ्यापेक्षा शांत बसलं होतं. उतरताना बाई म्हणाली की ह्याला आणखी चार तास घेऊन बसलात तरी चालेल, तुमचा त्याला लळा लागलाय. मी म्हटलं, लळा नाही, माझ्या खिशातल्या शेंगदाण्याच्या वड्यांचा वास.

संग्रहालय म्हणजे जुनं कॉफीचं गोदाम. सगळा कारभार रूत नावाच्या तिशीच्या मुलीकडे आहे. पहिल्याच वाक्याला तिनं मला काका करून टाकलं. स्वयंपाकाला लेबांग मावशी. तिनं माझ्या पोटाकडे पाहिलं आणि मकासरचं पाणी बरंच मानवलंय म्हणाली. तळघरात सात्तू म्हणून म्हातारा सुतार बसतो, पुतळ्यांचे मोडलेले हातपाय जोडायला. त्याच्या पटाशीचा आवाज वरच्या फळ्यांतून येतो. लाकूड फणसाचं आहे हे मी आवाजावरून सांगितलं तेव्हा रूत हसली. माझे कान तिखट आहेत. धंदा डोळ्यांचा आणि भांडवल कानांचं, असं मीच माझ्याबद्दल सांगत असतो.

काम सरळ आहे. डोंगरकड्यांत कोरलेल्या थडग्यांपुढच्या सज्ज्यांतून चोरीला गेलेले एकतीस पूर्वजांचे पुतळे परदेशातून परत आलेत. प्रत्येकाचे चार बाजूंनी फोटो काढायचे: समोरून, मागून, डावीकडून, उजवीकडून. शेजारी रंगांची पट्टी, खाली मापाची पट्टी, गळ्यात नंबर. मग घरोघरची माणसं येऊन आपापला म्हातारा ओळखणार.

जेवताना एक घोटाळा केला. मावशी म्हणाली की तिची सासू दोन वर्षं आजारी आहे. मी विचारलं, डॉक्टर कोणता? सात्तू भात सांडेपर्यंत हसला. विसरलोच होतो. आमच्या खोऱ्यात माणूस गेला की रेडे कापून मोठं कार्य होईपर्यंत त्याला मेला म्हणत नाहीत, आजारी म्हणतात. घरातच ठेवतात, रोज जेवण देतात, गप्पा मारतात. जिवंत माणसाला ताप आला तर म्हणायचं, अंग बरं नाही.

मावशीनं मग विचारलंच, तुम्ही कुणाच्या घरातले? मी म्हटलं, बाराव्या वर्षी गाव सोडलं, आता मी मकासरचाच. तिचं समाधान झालेलं दिसलं नाही.

मंगळवार, ४ जून

आज दुपारपर्यंत सोळा पुतळे झाले. फणसाचं लाकूड जुनं झालं की माणसाच्या कातडीसारखं पिवळं होतं, त्यामुळे प्रकाश जपून टाकावा लागतो. सगळ्यांची उभं राहण्याची तऱ्हा एकच. डावा तळहात वर, मागणारा. उजवा तळहात खाली, आशीर्वाद देणारा.

दुपारी सतरावी पेटी उघडली आणि मी ओळखलं. पुआंग सारिरा. पुआंग म्हणजे मालक, आमच्या मालकांचे मालक. ते गेले तेव्हा चोवीस रेडे कापले होते. आता त्यांच्या गळ्यात मी दोऱ्यानं १७ नंबर बांधला. गाठ जरा जास्तच घट्ट बसली.

ह्या वहीत खोटं लिहून उपयोग नाही. माझा बाप त्यांच्या घरचा चाकर होता. काम एकच, विडा करून द्यायचा आणि पुआंग थुंकणार तेव्हा हात पुढे करायचा. पिकदाणी घरात होती, पितळेची. पाहुणे आले की मात्र त्यांना बापाचा तळहात लागायचा. चघळणं थांबायचं, नाकातून एक श्वास आत जायचा, आणि बाप मान वर न करता डावा हात धरायचा. मी नऊ वर्षांचा, खांबाआड उभा. त्या श्वासाआधीची शांतता ऐकायला मी तिथं शिकलो. माझे कान तिथंच तयार झाले.

बापाला सज्जा मिळाला नाही, पुतळा तर नाहीच. चाकराचा पुतळा करत नाहीत.

संध्याकाळी रूत आली, सतराव्यासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली की हे माझे पणजोबा. त्यांच्या पायाशी विडा ठेवला. तिचा आजा शेवटपर्यंत एकच विचारत गेला म्हणे, चोरांना वाट कुणी दाखवली? मी म्हटलं, फार वाईट झालं. छान म्हटलं मी ते.

गुरुवार, ६ जून

वाट मी दाखवली.

मी चोवीस वर्षांचा होतो, मकासरला एका फोटोवाल्याकडे खोल्या झाडत होतो. तिथं येणाऱ्या एका व्यापाऱ्यानं कॅमेरा हातात दिला आणि म्हणाला, तुझ्या गावच्या कड्यांवर जा, एकेक पुतळा टिपून आण, पुस्तक काढायचंय. पुस्तक निघणार नाही हे मला पहिल्या मिनिटाला कळलं होतं. फोटो आणले. त्यानं तांबडी पेन्सिल पुढे केली, सांग, चांगले कोणते? पुआंग सारिरांवर फुली मी मारली. स्वतःच्या हातानं, दोनदा गिरवून. कॅमेरा मला बक्षीस मिळाला आणि त्यावर मी उभा राहिलो.

पश्चात्ताप झाला असं लिहिणार नाही. अडतीस वर्षं ते परक्या देशात कुणाच्या तरी जिन्याखाली उभे होते, विडा नाही, नातवंडं नाहीत, अंगावरचे कपडे कुजलेले. ते आठवून मी पुष्कळदा सुखानं झोपलोय.

अडचण वेगळीच निघाली. पुतळ्यांबरोबर त्या व्यापाऱ्याची एक पेटीही परत आलीय, जुन्या फोटोंची. रूत ती चौदा तारखेला, शुक्रवारी, सगळ्या घरांसमोर उघडणार आहे. फोटो कुणी काढले ते त्यातून कळेल म्हणे. मी हसून म्हटलं, जुन्या फोटोंवर नाव कुठं असतं?

नाव नाही. पण तेव्हा माझ्याकडे मापाची पट्टी नव्हती. पुतळा केवढा आहे ते कळावं म्हणून प्रत्येक फोटोत मी शेजारी माझा डावा तळहात धरला होता. लहानपणी विळ्यानं करंगळीचं पेर गेलं, तो हात. तोच हात रूत रोज बघते, दिवे हलवताना.

शनिवार, ८ जून

एक गंमत झाली, निदान गंमत म्हणून लिहून ठेवतो. सतराव्याचे मंगळवारचे फोटो नीट बघत होतो. पहिल्या फोटोत उजवा हात खाली, आशीर्वादाचा. चौथ्यात तो थोडा कललेला, अंगठा बाहेर. आज पुन्हा एक काढला. तळहात अर्धा दिसतो.

सात्तूला विचारलं, लाकूड उकलतंय का? तो म्हणाला की फणस चिरेल, फुगेल, पण मनगट फिरवणार नाही. मग म्हणाला, मकासरवाले, पुआंग आशीर्वाद परत घेत असतील, तुम्ही फोटोचे पैसे आगाऊ घेतले नाहीत ना? स्वतःच्याच विनोदावर हसत पटाशीला धार लावायला गेला.

दिव्यांचा दोष असेल. काळे पडदे लावून काम केलं की डोळे फसवतात.

पण कान मला कधी फसवत नाहीत. दुपारी पडद्याआड एकटा होतो आणि कुणीतरी चघळत होतं. सावकाश. दात नसलेलं तोंड.

सोमवार, १० जून

दोन्ही तळहात वर. दोन्ही मागतात. सतराव्याचेच नाहीत, सोळाव्याचेही, अठराव्याचेही. रूतला दाखवलं तर ती नुसती म्हणाली, काका, घरी आल्यावर माणसं मागायला लागतातच.

पेटी तिच्या कपाटात आहे. उद्या म्हशींचा बाजार. शुक्रवारच्या कार्यासाठी रेडा घ्यायला तिघंही सकाळी जाणार आणि मलाही ओढणार होते. लेबांग मावशी तर म्हणाली की शहरी माणसाला रेडा आणि गाय यांतला फरक दाखवायचाय.

मी टाळलं. तिला बरं वाटावं म्हणून आपल्या बोलीत सांगितलं. किती वर्षांनी ती बोली जिभेवर घेतली. म्हटलं, मी आजारी आहे.

मावशीच्या हातातलं सूप थांबलं. रूतनं माझ्याकडे बघितलं. सात्तू हसला नाही.

चूक लगेच कळली. 'अंग बरं नाही' म्हणायचं होतं. मी दुरुस्त करून सांगितलं, दोनदा. मावशी म्हणाली, हो हो. पण ते तिनं माझ्याकडे बघून म्हटलं नाही.

मंगळवार, ११ जून

गाडी गेल्याचा आवाज आला. कपाट उघडं, पेटीला साधी कडी. माझे सगळे फोटो त्यात, एकतीस. तांबड्या फुल्या, आणि प्रत्येकात माझा तळहात.

तळहातात तांबडं होतं. फोटो काळे-पांढरे आहेत. मी काढले, मीच धुतले, मला माहीत आहे. तरी प्रत्येक फोटोत तळहातात तांबडं, ओलं दिसणारं, बोटांतून ओघळणारं.

मावशीच्या चुलीत सगळे जाळले. मोजून जाळले. तीस झाले. एकतिसावा सापडेना.

दुपारी तिघंही परतली. मी ओट्यावरच बसलो होतो, विचारलं, मिळाला का रेडा? मावशी शेजारून आत गेली. थोड्या वेळानं भाताचं ताट आणलं, माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, सेमुएल, जेवण ठेवलंय हां, जेव सावकाश. नुसतं माझं नाव, अहो-जाहो नाही. घरातल्या आजाऱ्याशी बोलतात त्या आवाजात. मी उत्तर दिलं. ती माझं बोलणं चालू असतानाच उठली.

बुधवार, १२ जून

तिघांपैकी कुणी ऐकत नाही. ओरडलो, रूतचा दंड धरला. तिनं दंडावरून माशी झटकावी तसा हात फिरवला.

माझी खाट फिरवून ठेवलीय, घरातल्या आजाऱ्याची ठेवतात तशी. नवा कपडा घातलाय अंगावर. कधी घातला?

दाराआड ऐकलं. रूतच्या हातात चुलीतून निघालेला फोटो होता, अर्धा जळलेला. ती मावशीला म्हणत होती, ही करंगळी बघ. मावशी म्हणाली की हा तळहात मी ओळखते, ह्याच्या बापाचाही असाच रुंद होता, पुआंगच्या थुंकीचा. आणि दोघी रागावल्या नाहीत. तेच भयंकर. रूत म्हणाली, आपल्याला काही करायला नको, आजारी आहे तो, त्यानंच सांगितलं.

ताट तसंच आहे. भूक नाही. कालचंही तसंच आहे.

माझे कान तिखट. पण काल सकाळपासून एक आवाज येत नाही. उशीवर कान टेकला की जो येतो तो.

गुरुवार, १३ जून

बस. बसनं जायचं ठरवलं. दारापर्यंत गेलो — पाय गुडघ्यात वाकत नाहीत.

रूतनं माझा कॅमेरा लावला. माझेच दिवे. मला करड्या कागदासमोर उभं केलं, सात्तूनं काखेत धरून. समोरून. मागून. डावीकडून. उजवीकडून. रंगांची पट्टी माझ्या छातीला टेकवली. नंबर बांधला. ३२.

रूत माझ्याशी बोलत होती, मायेनं. म्हणाली की सेमुएल, आमच्यात चाकराचा पुतळा करत नाहीत. पण पणजोबांनी मागितलाय. सज्ज्यात त्यांच्या शेजारीच जागा देणार. तुझ्या बापाला मिळालं नाही ते तुला मिळतंय.

आयुष्यभर मला तेच — नाही. असं नाही.

खाली पटाशी चालू आहे. फणस. सात्तू मनगटाशी आलाय. ठोका पडला की माझ्या मनगटात —

डावा हात वर वळलाय. पालथा होत नाही. उजव्यानं दाबून बघितला. नखानं ओरखडलं, पिवळा भुसा निघाला.

शुक्रवार, १४ जून

सकाळ. बाहेर माणसं जमलीत. गाणी म्हणताहेत. ऊन आहे.

सतरावा माझ्याशेजारी आणून ठेवला. की मला त्याच्या. मान वळत नाही.

उजवा हात अजून चालतो. दोन बोटं. एवढंच लिहितो — फुली मी मारली. दोनदा. पुन्हा मारीन. हे त्यांना ऐकू गेलंय. शेजारी चघळण्याचा वेग —

बाप मान खाली का घालायचा ते कळलं. लाज नव्हती ती. वर बघितलं तर चेहरा —

डावा हात पुढे गेला. मी नाही केला. आपोआप —

चघळणं थांबलं. आता नाकातून तो श्वास आत