बोनटमधलं वांगं

मंगळवार, संध्याकाळ

भाऊच्या जीपच्या इंजिनावर भरताचं वांगं मीच लपवलं. जळका वास आला की त्याची कशी तंतरते ते बघायचं होतं.

पारोळ्यापुढे वास सुटला. भाऊ उतरायच्या आत मी बोनट उघडलं. वांग्यानं दाबलेली वायर गरम पाइपाला चिकटून धुमसत होती! शेजारीच पेट्रोलची नळी. मागच्या सीटवर अक्का आणि तिचं तान्हं. वांगं झुडपात फेकलं.

भाऊनं वायरला टेप गुंडाळून ती लांब बांधली. म्हणाला, "आज तुना नाकमुये बठ्ठा वाचनूत रे!" माझ्या नाकामुळे म्हणे सगळे वाचलो.

अक्कानं कौतुकानं बाळ माझ्याकडे दिलं. तीनदा साबण लावला तरी बोटांना वास आहेच. बाळाच्या टोपड्यालाही लागला असेल?

वाचणाऱ्या, पाया पडतो, कुणाला सांगू नको.