दोन दिवस बाहेर जाऊन ये

हमद टाउन, बहरीन
१४ नोव्हेंबर २०२५

लाडकी आतिका,

अब्बाचा सलाम आणि खूप दुवा. आम्ही इथे खुशाल आहोत. हवा निवली आहे, एसी बंद करून खिडक्या उघडल्यात, आणि आपल्या फराजच्या निकाहाच्या नावाखाली तुझी अम्मी घरातलं एकूण एक भांडं घासत सुटली आहे.

हे मोबाइलवर मराठीत टाइप करतो आहे. लहानपणी सुट्टीच्या दिवशी तुला मराठी वाचायला बसवलं की तुझं पोट दुखायचं. आज ती पोटदुखी वसूल करतो. अडलीस तर मोठ्याने वाच, पण शेवटपर्यंत वाच. फोन केला असता तर माझ्या आवाजावरून तुला नको ते कळलं असतं.

काल तू अम्मीला म्हणालीस, "ओके, आय विल कम. टेल अब्बा टु स्टॉप बीइंग अँग्री." काल ऐकून मी खूश झालो, आज तेच वाक्य डोक्यातून जात नाही.

तिकीट मीच पाठवलं, तुला न विचारता. तू दोन महिने मला समजावत होतीस. शिक्षणानंतर नोकरी करायची जी मुभा होती, तिची मुदत जूनमध्येच संपली. तुझ्या कंपनीने कामाच्या व्हिसाचा अर्ज केला म्हणून ती तात्पुरती वाढली. निकाल यायच्या आत अमेरिकेबाहेर पाऊल टाकलं, की ती वाढीव मुभाही गेली आणि व्हिसा बाहेरच्या वकिलातीत जाऊन मागायचा. आणि मी काय म्हणालो? "दोन दिवस बाहेर जाऊन ये, व्हिसा बदलायला बाहेर जावंच लागतं." आम्ही आखातात तेच केलं ना! पहिली कंपनी सोडली तेव्हा मी दुबईत दोस्त रहिमतुल्लाच्या खोलीवर जाऊन पडलो आणि नव्या व्हिसावर ऐटीत परत आलो. इतकी वर्षं इथे काढली की माणसाला वाटतं, जगातली सगळी सरकारं आपल्या ओळखीची. शिवाय मनात एक होतं, तेही सांगून टाकतो. मला वाटलं, तुला यायचंच नाही, कायद्याचं नुसतं निमित्त आहे.

आज बाजारात, बाब अल बहरीनच्या कमानीमागे, जमालुद्दीनच्या दुकानात अम्मीसाठी कापड घ्यायला गेलो. गल्ल्याजवळ कापड मोजत कोण उभं? त्याचा हमझा! तोच, तुझ्याआधी अमेरिकेला गेलेला, इंजिनियर झालेला.

"अरे, तू कधी आलास?"

"जूनमध्ये, चाचा. आमच्या महमुदाच्या लग्नाला. दहा दिवसांसाठी आलेलो."

"मग?"

"मग काय, खलास. अर्ज चालू असताना बाहेर पडलो ना. आता वकिलातीची तारीख मफी, मिळतच नाही, आणि कंपनी पण थांबली नाही."

हे त्याने हसत सांगितलं. कापड छान सरळ कापलं त्याने. पिशवी हातात देताना हळूच म्हणाला, "चाचा, आतिकाला येऊ देऊ नका. मला पण अब्बांनीच बोलावलेलं." जमालुद्दीनने ऐकलं असणार. तो आमच्याकडे पाठ करून उगाच घड्या घालत राहिला. मला त्याच्याकडे बघवेना.

आता तुझा खरा प्रश्न. निकाह एप्रिलात ठरलेला, तो डिसेंबरात का ओढला? हॉल मिळाला म्हणून, असं मी तुला सांगितलं. हॉल एप्रिलातही मिळत होता.

आतिका, कंपनी माझा व्हिसा जानेवारीनंतर वाढवत नाही. नवा मॅनेजर आला आहे, पोरगाच आहे, अदबीने बोलला. "मुनाफभाई, अब आराम करो." मीही हसून हात मिळवला. घरी येताना आपल्या ओळखीच्या राउंडअबाउटला दोन फेऱ्या मारल्या, वळायचं कुठे तेच सुचेना. अम्मीला माहीत आहे. तुला सांगायचं नाही असं मीच तिला बजावलं, तुझा जीव तिकडे आधीच टांगणीला लागलेला.

हे घर रिकामं व्हायच्या आत तुम्ही दोघं भावंडं इथे एकदा एकत्र दिसावीत, एवढाच माझा हट्ट होता. फराज नवरीला, इक्राला घेऊन येईल, तू दार अडवशील, त्याच्याकडून काहीतरी उकळल्याशिवाय आत सोडणार नाहीस. ते बघायचं आणि मग खुशाल गावी दापोलीला जायचं. या एका गोष्टीपायी मी तुझं सगळं शिक्षण, सगळी वाट बघणं पणाला लावायला निघालो होतो. मला फार भीती वाटते आहे बेटा. माझा व्हिसा तर गेला, त्याला इलाज नाही. तुझा माझ्या हातून जायला नको.

तिकीट मी रद्द केलं आहे. पण तू माझीच मुलगी. हे वाचून अब्बा एकटा पडला म्हणशील आणि दुसरं काढून निघशील. निघू नकोस. बॅग भरली असशील तर रिकामी कर. विमानतळावर पोचली असशील तर मागे फिर. मी रागावलेलो नाही, कधीच नव्हतो, नुसता घाबरलो होतो.

त्या दिवशी दार मी अडवीन. फराज म्हणेल, अब्बा वेडे झाले. म्हणू दे.

वाचलंस की लगेच एकच शब्द लिही: राहिले. इंग्रजीत लिहिलंस तरी चालेल.

त्या एका शब्दासाठी मोबाइल हातात धरून बसलेला,
तुझा अब्बा
(मुक्काम जानेवारीपर्यंत हमद टाउन)