परीक्षानळीतला साका

६ ऑगस्ट १९७६
यांचं तोंड सकाळी पुन्हा सुजलेलं. लघवी काळ्या चहासारखी! "झोप नाही झाली वं," म्हणतात. तीन दिवस झोप नाही? खोटं.

९ ऑगस्ट
ओढतच नेलं डॉक्टरांकडे. मूत्रपिंडाला सूज आहे. "मागे घसा दुखला होता?" दुखला होता, जुलैत. "त्या जंतूंशी शरीर झगडतं, त्यात रक्त गाळणाऱ्या बारीक चाळण्या सुजतात. मग रक्त आणि प्रथिनं लघवीतून जातात." मीठ बंद. महिनाभर घरी. मला काचेची नळी दिली — रोज सकाळची लघवी स्पिरिटच्या दिव्यावर उकळायची. आम्लाचे दोन थेंब टाकूनही दह्यासारखा पांढरा साका राहिला, तर प्रथिनं जाताहेत.
बाहेर येऊन हे म्हणाले, "घरी बसलो तर हिंगण्याच्या कंपनीत पक्की नोकरी कोण देईन?"

१६ ऑगस्ट
आजही दही.

२१ ऑगस्ट
नळी साफ! हे हसले — जरा जास्तच हसले. "पाहिलं? सोमवारपासून कंपनीच्या बसनं जातो!"
मग नडगीवर बोट दाबलं तर खळगा तसाच का राहिला?

२३ ऑगस्ट
साफ. पापण्या मात्र फुगलेल्या. नको म्हटलं तरी गेले कामावर.
लोणच्याची बरणी लपवली. पण संशय लोणच्याचा नाही. अनंत भावजी — यांचे धाकटे भाऊ — रोज पहाटे आखाड्यात जातात. हल्ली माझ्याशी बोलताना नजर चुकवतात. विचारलं तर, "काहून वहिनी? काही नाही!"

२६ ऑगस्ट
यांनी दिलेली लघवीची बाटली हाताला गार लागली! आत्ताच दिली म्हणतात, तर कोमट नको? कोणाची आहे ही?
विचारायचं नाही अजून. आधी पुरावा.

२८ ऑगस्ट
बाटली गारच. उकळली. वरपासून खालपर्यंत दही!
"सापडलात!" मी ओरडलेच. "आज बदलायला जमलं नाही वाटतं?"
यांनी नळी हातात घेऊन उजेडात धरली. पुन्हा पुन्हा फिरवून पाहिली.

२८ ऑगस्ट, दुपार
"ही माही नाही वं," एवढंच म्हणाले. "आठ दिवस झाले, अनंताचीच देऊन राहिलो होतो. आजची बी त्याचीच."
भावजींना लगेच आखाड्यातून बोलावलं. अंगाला माती तशीच. एकाच रिक्षात दोघांना दवाखान्यात घेऊन आले.