आत्या रागावून चालते तेव्हा

तीर्थस्वरूप आत्या,

नैरोबीहून तुझ्या नासिमियूचा गुडघे टेकून नमस्कार. (खरोखरच टेकलेत, खुर्ची मोडली. माझं बूड एका जागी टेकत नाही, तरी खुर्च्या कशा मोडतात कोण जाणे.) तुझी कंबर कशी आहे? आतोबांचा खोकला? तांबडी गाय व्याली का? फोनवरच विचारणार होते, पण माझा आवाज आला की तू फोन आपटतेस, म्हणून बुंगोमाच्या बसवाल्याच्या हाती हे पत्र.

तुझा राग मला कळतो गं. माझ्या टीव्हीवरच्या कार्टूनमधल्या सेंगेनं, म्हणजे आत्यानं, कोंबडीचा पेटा, पोटातला तो मानाचा तुकडा, स्वयंपाकघरात गुपचूप खाल्ला, नवऱ्याच्या ताटात कोंबडीची नुसती मान वाढली, आणि अख्खा गाव तुझ्याकडे बघायला लागला. घरच्या कर्त्या पुरुषासाठी राखलेला पेटा बाईनं खायचा म्हणजे केवढा गहजब! पण मी कुठं तुझं नाव घेतलं? (कमरेवरचा हात, पुढं काढलेली मान, आणि तीन पावलं टाकून थबकून मागं वळून एक वाक्य फेकणं, एवढंच तर घेतलं.) चर्चमधून येताना पोरं तुझ्यामागं तशीच चालत आली म्हणे. फार वाईट वाटलं. हसूही आलं, खोटं कशाला बोलू.

थांब, उठून एक चक्कर मारून येते.

आले. तर चॅनेलवर नवे साहेब आलेत. म्हणतात, ही बाई लंगडते का? हिला जरा गुळगुळीत चालवा, बाहेरच्या देशांत विकायचंय. आणि कॉम्प्युटरकडून चालवलीसुद्धा! आत्या, ती चालत नाही, लोण्यावरून घसरते. तिला बघून कोंबडीसुद्धा बाजूला होणार नाही. मी म्हटलं, मी हातानं काढून दाखवते. सोमवारी दाखवायचं. नाही पटलं तर मालिका कॉम्प्युटरच्या गळ्यात, आणि मी घरी. आणि काढायला बसले तर हातच वळेना! पूर्वी डोळे मिटले की तू दिसायचीस. आता फोन आपटणारा हात तेवढा दिसतो. शेवटी मीच कमरेवर हात ठेवून ऑफिसच्या बोळातून चालून बघितलं, तर मुटिसो वॉचमननं मला धरून बसवलं, साखरेचा चहा पाजला आणि नवऱ्याचा नंबर मागितला. (नवरा नाही म्हटल्यावर अजून एक चमचा साखर घातली.)

पेपरवाले माझ्या शैलीवर लिहितात. म्हणे माझ्या चित्रांतला पोलीस, पाद्री, शेळीसुद्धा एकाच ढंगात चालतात, त्यामागे मोठा अभ्यास आहे. कसला डोंबलाचा अभ्यास! मला दुसऱ्या कुणाला चालवताच येत नाही. आई गेल्यावर विहिरीपासून शाळेपर्यंत मी तुझ्याच मागनं चालले. दुसरं काही बघितलंच नाही.

जीव टांगणीला लागलाय गं. असो. तब्येतीला जप.

तुझीच,
नासिमियू

ता. क. – उत्तर नको. माफ केलंस तर बरं, नाही केलंस तरी तक्रार नाही.

आणखी एक ता. क. – पेट्याचं मात्र मी खोटं दाखवलं नव्हतं. दर ख्रिसमसला तू तो खायचीस आणि अर्धा मला दाराआड द्यायचीस. चिवट असायचा. तशी तुझ्या हातची सगळीच कोंबडी चिवट. आणि मक्याच्या पिठाच्या उगालीत गुठळ्या. शेजारच्या नेलिमाबाईंची उगाली कशी मऊसूत!

शेवटचा ता. क. – चष्मा काढू नकोस, अजून थोडं उरलंय. चप्पल हातात घेतलीसच आहे. समोर आतोबा फोन धरून उभे आहेत ना? ते बातम्या बघत नाहीत, माझ्यासाठी तुझी रागातली चाल टिपतायत. पुढच्या कोंबडीचा पेटा त्यांचा, या बोलीवर त्यांनी हे काम घेतलंय. त्यांना विहिरीपर्यंत पळू दे, तू मागनं जा. फोनकडे बघू नकोस, आणि नेहमीसारखी तीन पावलांवर थबक. वळून काय बोलायचं ते मनसोक्त बोल. मालिकेला तुझा आवाज लागत नाही. ईस्टरपासून ऐकला नाही म्हणून मला हवाय.