कायमचा पत्ता

ती. आईस,
लांबच्या लेकीचा नमस्कार.

मी मजेत आहे, जेवते वेळेवर. तुझा गुडघा काय म्हणतो?

गेल्या आठवड्यात मी खोली बदलली. परदेशी विद्यार्थ्यानं खोली बदलली की इथे ते लगेच सरकारी संगणकावर कळवावं लागतं, नाहीतर व्हिसावर गदा येते. मी सामान उघडायच्या आधी कळवलं, काळजी करू नकोस.

तुम्ही मात्र माझी खोली बदललीत, ते मला फोटोतून कळलं. वहिनीनं शिवलेला ब्लाउज घालून तू उभी, आणि मागे माझ्या खिडकीशी तिचं शिलाई मशीन. ब्लाउज छान बसलाय. मी शिवलेला तुला काखेत काचायचा. फोनवर तू तिला मागे वळून 'बाळा' म्हणतेस, तेही मला ऐकू येतं. दादाला म्हणावं, बायको गुणाची आहे.

पत्ता बदलताना तो संगणक विचारतो, मायदेशातला कायमचा पत्ता तोच आहे ना? या वेळी मी जरा थांबले, मग 'हो' दाबलं. खोटी माहिती दिली तर घरी परत पाठवतात म्हणे. पाठवलंच, तर माझा पलंग कुठे टाकशील तेवढं कळव.

अजून तरी तुझीच,
शेंडेफळ