‘खुर्र’ कोणाचे?

मी, सिनेवा लेउता, राहणार फालेलुमा, उपोलू बेट, सामोआ, हे लिहवून घेते त्या वेळी माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे तेवढे नाहीत. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. पेलेनातेते वहिनी तो आणल्याशिवाय राहणार नाहीत, म्हणून त्या धुणे घेऊन नदीवर गेल्या असतानाच सुरुवात केली आहे. लिहून घेणारे आमच्या शाळेचे तावीता गुरुजी.

१. घराखालची जमीन साऱ्या कुटुंबाची, ती देणे माझ्या हातात नाही. शिलाई मशीन भाची लागी हिला. देवळातल्या मुलांच्या सणाचे, म्हणजे पांढऱ्या रविवारचे कपडे यापुढे तिने शिवावेत, आणि वाढत्या अंगाचे शिवावेत.

२. गिटार रविवारच्या शाळेला. तिच्यावर वहिनी बसल्या होत्या. मोडलेली खुंटी त्यांनीच बसवून द्यावी.

३. माझी गाभण डुकरीण पाळकसाहेबांना. त्यांनी तिला कबूतर म्हणू नये.

४. आता गाणे. माझा भाऊ वारल्यावर त्याची बायको, म्हणजे पेलेनातेते वहिनी, आणि मी दोघीच घरात उरलो. तेव्हा पाळकसाहेबांनी लहान मुलांसाठी स्तुतिगीत मागितले. शब्द वहिनींचे, चाल माझी. देवाने माशाला कल्ले दिले, कोंबडीला पंख दिले, डुकराला नाक दिले, असे ते होते. पाळकसाहेब म्हणाले, देवळात डुक्कर नको, कबूतर घाला. आम्ही घातले. पण त्या पांढऱ्या रविवारी पोरे त्या ओळीवर आली, कबुतराला नाक दिले आणि सगळी एका सुरात ‘खुर्र, खुर्र’ करून मोकळी झाली. पाळकसाहेबांनी हसू लपवायला बायबल तोंडापुढे धरले, ते उलटे होते.

गाणे बेटभर गेले. पुढे गीतपुस्तक निघायचे ठरले आणि नावे मागवली. पोरांना ‘खुर्र’ मी शिकवले, असे आम्ही दोघीही म्हणत होतो. वहिनी म्हणत, ते शब्द आहेत. मी म्हणे, तो सूर आहे. कोणी मागे हटेना, तेव्हा छापणाऱ्यांनी दोन्ही नावे गाळली. पुस्तक हातात आले त्या दिवशी घराच्या दोन टोकांना बसून, एकमेकींकडे पाठ करून, दोघी रडलो. मला मूल नाही, वहिनींनाही नाही. आमच्या मागे राहणार ते हे गाणेच.

५. म्हणून ‘खुर्र’ माझे असून, माझ्यामागे ते मी पेलेनातेते वहिनींना देत आहे.

इथवर झाले तोच वहिनी ओले कपडे घेऊन आल्या. गुरुजींनी त्यांना सगळे वाचून दाखवले आणि बजावले, की साक्षीदाराला मृत्युपत्रातले काही मिळत नाही, तेव्हा सही दुसऱ्या कोणाची घेऊ.

“म्हणजे सही केली नाही, तर ते मला मिळणार?” वहिनींनी विचारले.

“मिळणार. मीच देतेय ना.”

“वन्सं, माझीच वस्तू मला द्यायला तुम्ही कोण? आणा ते पेन.”

पुष्कळ समजावले, ऐकल्या नाहीत. कलम पाच रद्द समजावे.

६. माझी कबर घरासमोरच असावी, पण फणसाजवळ नको, फळे पडतात. पोरांनी गाणे म्हणावे आणि त्या ओळीवर कोणी त्यांना दटावू नये.

फालेलुमा, मंगळवार, १५ ऑक्टोबर १९९१.

सही: सिनेवा लेउता

साक्षीदार: तावीता सिओने, शिक्षक

साक्षीदार: पेलेनातेते लेउता. वरचे बाकी सगळे खरे आहे. ‘खुर्र’ माझे. कबरीशेजारची जागाही माझी, ती कोणाला देऊ नये.